कोपरभर पाणी

त्या वर्कशॉपात कुठलीही वस्तू पाण्यात सोडायची झाली, की आधी ताईचा हात कोपरापर्यंत पाण्यात जायचा. मग ती हात झटकून म्हणायची, "सोड." तिच्या तोंडून 'सोड' निघाल्याशिवाय तिथे साधी बादलीसुद्धा पाण्यात उतरत नसे.

हा रिवाज वडिलांनी घालून दिलेला. ते मूळचे पंप दुरुस्त करणारे. पुढे पुलांचे खांब आणि धरणांच्या भिंती पाण्याखाली जाऊन बघणारी लहान लहान यानं बनवायला लागले. पाण्याचा अंदाज चुकला की रबर आखडतं, सांधे गळतात, हे ते ठेच खाऊन शिकले होते. थर्मामीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "थर्मामीटर फुटतं, कोपर फुटत नाही," असं म्हणत. थोरल्या मुलीचं कोपर त्यांना विशेष पसंत होतं, कारण ते एका अंशानेही चुकत नसे. वडील गेले तरी रिवाज राहिला. पाणी ताईचं, यंत्र बारकीचं, अशी वाटणीच होऊन गेली होती, आणि ताईने पाणी एकदा सांगितलं की बारकी पुन्हा विचारत नसे.

बारकी म्हणजे धाकटी बहीण. तिशी उलटली तरी बारकीच. आई गेली तेव्हा ती रांगत होती, त्यामुळे तिला वाढवलं ताईने. वाढवलं म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. वर्कशॉपात यानं तपासायची खोल टाकी होती. बारकीची हनुवटी जेमतेम टाकीच्या काठाला लागायला लागली, त्या दिवशी ताईने तिला उचलून आत टाकलं आणि स्वतः हाताची घडी घालून काठावर उभी राहिली. पोर गटांगळ्या खात 'ताई, ताई' करत होती. ताई म्हणाली, "तोंड बंद कर, म्हणजे तरंगशील." पोरीने तोंड बंद केलं, आणि खरंच तरंगली. तेव्हापासून ती पाण्याला घाबरली नाही, आणि ताईसमोर रडलीही नाही. हा किस्सा ताई आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची. बारकी शेजारी उभी राहून स्क्रू आवळत ऐकायची.

ताईच्या जिभेला हाड नव्हतं आणि नाकावर ती माशी बसू देत नव्हती. "हिला अक्कल आहे हो," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण कुठे ठेवलीय ते हिला आठवत नाही." गिऱ्हाइकं हसायची. बारकीही हसायची, कारण हसली नाही तर ताई म्हणायची, बघा, आता नाक फुगलं.

अशा घरात बारकीने ढब्बू बनवला.

ढब्बू हे यानाचं नाव, आणि ते त्याला शोभायचं. पोट सुटलेलं, नाक आखूड, अंगाने पिवळा. त्याची सगळी करामत त्या पोटात होती. पाण्यात वस्तू बुडते की तरंगते, हे तिने किती जागा अडवली यावर ठरतं. वजन तेच ठेवून पोट फुगवलं की वर, आवळलं की खाली. बहुतेक मासे पोटातली पिशवी फुगवून हेच करतात. माणसं त्यासाठी मोटर आणि पंप लावतात. मोटर घरघरते, पंप गळतो, आणि दोन्ही बंद पडले की यान तळाशी जाऊन बसतं, मग काढत बसा. बारकीने मोटरच काढून टाकली. ढब्बूच्या पोटाशी तिने एक रबरी भाता बसवला. आत साधी पोलादी स्प्रिंग, ती भात्याला सतत बाहेर ढकलणार. बाहेरून, पाण्यातच उघड्या, बारीक तारेच्या स्प्रिंगा.

ही तार मात्र साधी नव्हे. भट्टीत घालून तिला एकदा आकार शिकवला, की ती तो जन्मात विसरत नाही. थंड असताना ओढा, ताणा, ती निमूटपणे ताणून घेते. तापली की हट्टाने मूळ आकारावर येते, आणि येताना भात्याला आवळून घेते. म्हणजे वीज सोडली, तार तापली, भाता आवळला, ढब्बू खाली. वीज बंद केली, पाण्याने तार निवली, भाता फुगला, ढब्बू वर. यातली खरी गंमत अशी, की बॅटरी संपली तरी ढब्बू वरच येणार.

"हा मेला तरी वर येतो," मामा म्हणायचे. मामा लेथवर काम करायचे आणि ते कुणाचेच मामा नव्हते. "माणूसही येतो म्हणा, पण जरा उशिरा."

तारेची रिळं दोन. लाल दोरा बांधलेलं रीळ सत्तर अंशाला जागं व्हायचं, पिवळ्या दोऱ्याचं पंचेचाळीसला. पिवळी तार लवकर तापते, बॅटरी कमी खाते, म्हणून थंड पाण्याला पिवळी. गरम पाण्याला लाल. एवढं शहाणपण वर्कशॉपातल्या मांजरालाही होतं.

एका मोठ्या कंपनीच्या मॅडम ढब्बूला बघायला आल्या. बुटक्या, कमी बोलणाऱ्या बाई. टाकीच्या काठावर उभ्या राहून त्यांनी ढब्बूला खाली जाताना बघितलं, वर येताना बघितलं, आणि म्हणाल्या, "उघड्या पाण्यात एकदा दाखवा. जमलं, तर यानासकट तुम्ही आमच्याकडे या. दूर आहे, पण तिथे तुमची स्वतःची प्रयोगशाळा असेल."

ताईने हसून मॅडमना चहा दिला. पण ताई घाबरली होती, हेच खरं. घरात दोन खोल्या, दोन खाटा, एक आरसा. बारकी गेली तर सकाळी उठून टाकून बोलायचं कुणाला?

"ताई, तूही चल," बारकी त्याच संध्याकाळी म्हणाली. "मी मॅडमना सांगून टाकलंय, ताईशिवाय मी येणार नाही. त्या म्हणाल्या, दोघींची सोय करू."

"तिथे माझं काय काम?"

"पाणी बघायला."

"पाणी बघायला! तुझ्या दारात पायपुसणं होऊन पडू का? लोक विचारतील ही कोण, तर सांगशील, ही आमची कोपरवाली."

बारकी हसली. मग चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. दरवेळी ताई तिला झाडून काढायची. खरं म्हणजे ताईला ते विचारणं आवडायला लागलं होतं. तिला हो म्हणायचं नव्हतं, पण विचारणं थांबायलाही नको होतं.

आणि मग तो फोन आला. बारकी भट्टीपाशी होती, म्हणून ताईने घेतला.

"जागा बदलावी लागतेय," मॅडम म्हणाल्या. "आमच्या धक्क्यावर गाळ उपसायचं काम निघालंय. त्याऐवजी एका कारखान्याचा तलाव घेऊ. गरम पाणी निवायला सोडतात ना, तसला. माणूस त्यात उतरू शकत नाही, म्हणून तर आम्हाला यान हवंय. दुपारी पाणी साठपर्यंत जातं. तुमच्या बहिणीला तेवढं आवर्जून सांगा."

"सांगते की," ताई म्हणाली.

ती भट्टीपाशी गेली तेव्हा बाकावर दोन्ही रिळं काढून ठेवलेली होती.

"कुणाचा फोन?"

"तुझ्या मॅडमचा. जागा बदलली. कुठल्याशा कारखान्याचा तलाव आहे म्हणे."

"पाणी कसं आहे?"

"पाण्यासारखं पाणी. तुझ्यासाठी काय अत्तर भरून ठेवतील?"

बारकी हसली आणि तिने पिवळ्या दोऱ्याचं रीळ उचललं.

ताईने आधीपासून काही ठरवलं होतं असं नाही. शब्द तोंडातून गेला आणि गेला. पण तो परत घ्यायला तिला भरपूर सवड होती. बारकीने तार गजावर गुंडाळली, भट्टीत घातली, पाण्यात विझवली, तापवून आणि ताणून, तापवून आणि ताणून तिला पक्कं शिकवलं, भात्यावर चढवली. कितीतरी दिवसांचं काम. ताई तेवढे दिवस मूग गिळून बसली. मनात म्हणायची, एकदा चारचौघांत आपटली म्हणजे येईल जमिनीवर. मॅडम तोंड फिरवून निघून जातील. मग मीच हिला घरी आणीन, चहा करून देईन, म्हणेन, जाऊ दे गं, मी आहे ना. त्या चहाचं चित्र तिला इतकं गोड वाटायचं, की एकदा तिचे डोळेही भरून आले. आधी पाण्यात ढकलायचं आणि मग काठावरून हात द्यायचा, ही ताईची माया करायची रीत होती. दुसरी तिला येतच नव्हती.

परीक्षेच्या दिवशी रणरणतं ऊन होतं. तलाव कसला, सिमेंटच्या उंच बांधांनी अडवलेलं करडं पाणी. एका कोपऱ्यात जाड नळातून पाण्याचा लोट पडत होता. उन्हामुळे वाफ दिसत नव्हती, पण बांधावर पाऊल ठेवताच गरम वारा तोंडावर आला.

"काय उकडतंय," बारकी म्हणाली.

"कारखान्याची धग," ताई म्हणाली.

बारकीने लांबच्या धुराड्यांकडे बघितलं आणि मान डोलावली. तिचं लक्ष सगळं ढब्बूत होतं. सांध्यांना ग्रीस लावायचं म्हणून तिने कोपरापर्यंतचे रबरी मोजे चढवले होते. मॅडम आणि त्यांची दोन माणसं बाजूला छत्री धरून उभी होती. तिथून पाण्याला हात पुरत नव्हता, तेव्हा मामांनी दोरीला बादली बांधून खाली सोडली, भरून ओढून घेतली आणि नेहमीच्या अदबीने ताईसमोर ठेवली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आमची पद्धत," बारकी म्हणाली. "ताई पाणी बघते."

ताईने बाही वर केली आणि हात बादलीत घातला.

पाणी साठचं होतं. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. चटका बोटांतून निघाला तो थेट खांद्यापर्यंत गेला. या हाताने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आताही तो ओरडून खरंच सांगत होता. बारकी बहिणीच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणापासून बघत आली होती तशी. अजून वेळ गेली नव्हती. 'थांब' म्हटलं असतं तरी पुरे होतं. ताईने हात नेहमीइतकाच वेळ आत ठेवला, उलट जरा जास्तच, आणि तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. मग तिने हात काढून झटकला.

"सोड," ती म्हणाली. बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि पायानेच बादली लवंडून दिली.

मामांनी कप्पीवरून ढब्बूला हळूहळू पाण्यात उतरवलं. तो तरंगला. बारकीने हातातली बटणांची पेटी उघडली आणि मॅडमना समजवायला लागली, "आता मी वीज सोडेन. तार तापेल आणि..."

तिचं बोट बटणाला लागलंही नव्हतं. ढब्बूने पोट आवळलं आणि तो मुकाट्याने खाली गेला.

"मी काहीच केलेलं नाही," बारकी म्हणाली. तिने बॅटरी पार बंद केली. "आता येईल. वीज नसली की तो वरच येतो."

ढब्बू आला नाही. सगळे कठड्यावरून वाकून बघत राहिले. पाणी करडंच होतं आणि त्यावर काही उमटत नव्हतं. मामांनी टोपी काढून हातात धरली. मॅडमच्या माणसांपैकी एकाने हळूच घड्याळ बघितलं.

ताईच्या मनात उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र तिने दुखवट्याला आल्यासारखा केला. आता गप्प राहिली असती तरी काम झालं होतं, पण गप्प राहणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं.

"मी सांगत होते हो," ती मॅडमना म्हणाली, मोठ्याने. "हिच्या हाताला यशच नाही. लहानपणापासून अशीच. मांडायची हौस दांडगी, निस्तरायला मी. चल गं, आवर. लोकांचा वेळ खाऊ नकोस."

बारकीने एक मोजा उपसून काढला, लवंडलेली बादली सरळ केली आणि तळाशी राहिलेल्या चूळभर पाण्यात बोटं घातली. घातली तशीच काढली. मग तिने मान वर केली. ताईच्या बाहीतून बाहेर आलेला एक पंजा हातासारखा होता. दुसरा लालबुंद झाला होता.

ताई मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागली. बारकीने तोंड उघडलं, आणि तसंच बंद केलं.

"आला!" मामा ओरडले. "अहो, आला बघा!"

पाण्यावर ढब्बूची पिवळी पाठ आली होती. बारकी धावत कठड्याशी गेली. पेटीकडे बघितलं, बॅटरी बंद. ढब्बू थोडा वेळ तसाच डुलला, आणि पुन्हा पोट आवळून खाली गेला. या वेळी कुणी घड्याळ बघितलं नाही. काही वेळाने तो परत वर आला, परत गेला.

"तळाचं पाणी गार आहे," बारकी सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. "गरम पाणी हलकं, ते वर राहतं. वर आला की हे पाणीच तारेला तापवतं, म्हणून तो बुडतो. तळाशी गेला की तार निवते, म्हणून तरंगतो."

"आणि बॅटरी?" मॅडमनी विचारलं.

"बंद आहे."

"मग हे चाललंय कशावर?"

"तलावावर."

मॅडमनी छत्री मिटली आणि त्या खुशाल बांधावर, धुळीत बसल्या. ढब्बू वर आला, खाली गेला. "समुद्रात," त्या म्हणाल्या, "वर ऊब असते आणि खाली गारवा. तिथल्या पाण्याला जुळेल अशी तार शोधली, तर बॅटरीशिवाय वर्षभर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कमी बोलणाऱ्या बाईंच्या मानाने तेही पुष्कळ होतं. मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण पाणी साठ आहे हे मी फोनवर कळवलं होतं. तरी तुम्ही कमी अंशाची तार लावलीत. म्हणजे मुद्दामच?"

ताईने लाल पंजा बाहीत ओढून घेतला. दुसऱ्यासाठी खड्डा खणताना माणूस त्याची खोली कधी मोजत नाही, तशी तिची गत झाली होती. बारकीने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"फोन ताईनेच घेतला होता," ती म्हणाली. "आणि आत्ता पाणीही तिनेच बघितलं. ताईने सोड म्हटल्याशिवाय आम्ही काहीच सोडत नाही."

मॅडम उठल्या, ताईपाशी आल्या आणि त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला. "ताई, मानलं तुम्हाला. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं."

ताईला हात द्यावा लागला, आणि उजवाच द्यावा लागला. मॅडमनी तो आपुलकीने दाबला. ताई हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मॅडमना वाटलं, बहिणीच्या कौतुकाने आलं.

परतीच्या वाटेवर व्हॅन चालवताना मामांचं तोंड थांबत नव्हतं. ढब्बूने कशी गंमत केली, घड्याळवाल्याचं तोंड कसं झालं, तेच तेच. बारकी खिडकीतून बाहेर बघत होती. घरी पोचल्यावर तिने फळीवरून भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब काढली, ताईसमोर टेबलावर ठेवली आणि हात धुवायला निघून गेली.

ताई वाट बघत राहिली. आता भांडेल, मग भांडेल. तिने उत्तरं तयार ठेवली होती. तुझ्याच भल्यासाठी. आई गेल्यावर तुझं कुणी केलं? आणि झालंच ना शेवटी चांगलं? ही शेवटची तोड तिला फार बिनतोड वाटत होती. पण प्रश्नच आला नाही, तर उत्तर द्यायचं कुणाला? बारकी वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची, विचारलं तेवढं बोलायची. तिने ढब्बूचे भाग सुटे करून खोक्यांत भरले. पिवळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. लाल दोऱ्याचं बाकावर राहू दिलं.

आणि 'ताई, तूही चल' हे ती आता म्हणत नव्हती.

ताई त्या वाक्यासाठी कान देऊन होती. भांडी विसळताना, गादी घालताना, बारकी खोलीत आली की ती हातातलं काम हळू करायची, म्हणजे बोलायला सवड मिळावी. या वेळी ती लगेच हो म्हणणार नव्हती. थोडे आढेवेढे घेणार होती, मग म्हणणार होती, बरं बाई, तुझा जीव राहत नाही तर येते. हे तिने मनात इतक्यांदा म्हणून बघितलं, की ते जवळजवळ घडून गेल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटी मामांनी व्हॅन दारात आणली. खोकी चढली. बारकीची एक बॅग तेवढी उंबरठ्यात राहिली होती. ताईने पुढे होऊन ती उचलली.

"तिकडे," ती म्हणाली, "पाणी कोण बघणार तुझं?"

"तिकडे थर्मामीटर आहेत, ताई."

"ती फुटतात."

"दुसरी आणतात."

ताईने बॅगेचा पट्टा दुसऱ्या हातात घेतला. भाजलेल्या हाताची कातडी निघत होती आणि पट्टा टोचत होता. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कसं मागतात हेही तिला ठाऊक नव्हतं.

"मॅडम म्हणाल्या होत्या ना," ती म्हणाली, "दोघींची सोय होईल म्हणून."

"म्हणाल्या होत्या."

"मग?"

बारकीने तिच्याकडे नीट बघितलं. फोन आल्यापासून पहिल्यांदाच दोघींच्या मध्ये काही लपलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर ताईला बरं वाटलं असतं. रागाशी तिचं जमायचं.

"तिथे तुझं काय काम?" बारकी म्हणाली.

मामांनी बाहेर हॉर्न वाजवला. ताई पट्टा धरून उभीच राहिली. तिला बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, पाय धरायचे होते, आणि यातलं काहीच जमत नव्हतं.

"सोड," बारकी म्हणाली.

ताईने पट्टा सोडला. बारकी बॅग खांद्याला लावून पायऱ्या उतरली आणि व्हॅनमध्ये मामांशेजारी बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ताई बराच वेळ दारात होती.

मग ती वर्कशॉपात गेली. लेथ बंद होती, भट्टी बंद होती. बाकावर लाल दोऱ्याचं रीळ पडलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली होती, सोडायला मात्र काही नव्हतं. ताईने सवयीने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. सोलवटलेल्या कातडीची नुसती आग झाली. पाणी गार आहे की गरम, हे तिला काही केल्या कळेना.